एकेचाळीस सह्या

"कुशीवर व्हा," निबिया म्हणाली.

"आधी मला सांग, माझी सही माझी नाही असं म्हणणारे ते कोण?" भिंतीकडे तोंड करून सेफेरिनोने विचारलं.

"चिडलात की अंग आवळतं. मग सुई दुखते. सैल सोडा."

"एकदा केली ना सही? तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच टेबलावर. आता परत कशाला जायचं?"

"मतदार कार्डावरची तुमची सही अठराव्या वर्षीची आहे. आत्ताची तिच्याशी जुळत नाही."

"साठ वर्षांनी काय जुळतं गं? माझे वरचे दात तरी खालच्यांशी जुळतात का?"

निबियाने सुई काढली, कापूस दाबून धरला. "शाळेत निवडणूक कचेरीचा एक माणूस टेबल मांडून बसलाय. त्याला कार्ड दाखवायचं आणि सांगायचं, ही सही माझी. पाच मिनिटांचं काम. नाही गेलात तर कागदावर कायमचं राहणार, की सेफेरिनो गोदॉय या नावाने कुणीतरी खोटी सही ठोकली."

"म्हणजे मी खोटा?"

"मी नाही म्हणत. कागद म्हणणार."

म्हातारा हाताचा टेकू घेऊन उठला आणि म्हणाला, "कपाटात इस्त्रीची पँट आहे. ती दे. आणि तू बाहेर थांब."

तो रविवार होता. डिसेंबरचं, ऐन उन्हाळ्यातलं ऊन सेरोच्या टेकडीवर सकाळपासूनच तापलं होतं, आणि निबिया तेचेराच्या हातातल्या यादीत अजून एकोणीस नावं उरली होती.

निबिया छप्पन्न वर्षांची होती. राजधानी माँतेविदेओच्या या टेकडीवरचा मांसाचा कारखाना चालू होता तोवर ती तिथल्या दवाखान्यात मलमपट्टी करायची. कारखाना बंद पडला, कामगार पांगले, आणि ती घरोघर जाऊन इंजेक्शनं देऊ लागली. काचेची सिरिंज, स्टीलची डबी, स्पिरिटची बाटली, रक्तदाब मोजायचं यंत्र. लग्न केलं नव्हतं. त्याचं आता कुणाला काही वाटत नसे, तिलाही नाही. टेकडीवरची निम्मी माणसं तिने पाठमोरी पाहिली होती, असं ती स्वतःच म्हणायची.

राजकारणातलं तिला फारसं कळत नसे. लष्कराची राजवट संपून जवळजवळ चार वर्षं झाली होती. त्या बारा वर्षांत लष्कराच्या आणि पोलिसांच्या लोकांनी जे केलं त्याचा खटला चालवायचा नाही, असा कायदा झाला होता. तो रद्द करायचा तर साऱ्या देशाचं मत घ्यावं लागणार, आणि मत घ्यायचं तर मतदारांपैकी एका चौथाईच्या सह्या हव्यात. सह्या गोळा करणारी टेकडीवरची समिती हेबेरच्या छापखान्यामागच्या खोलीत भरायची. हेबेर खिळे जुळवणारा माणूस, बोलायलाही तसाच. एकेक शब्द नीट लावून दीड-दीड तास बोलायचा. निबिया दाराजवळ बसायची आणि मध्येच उठायची. "इन्शुलिनची वेळ झाली," म्हणायची. ते खरंच असायचं.

पण सह्या तिनेच जास्त आणल्या. कागद तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेला असे. इंजेक्शन घ्यायला घरी आलेला माणूस सिरिंजचं पाणी उकळेपर्यंत बसायचा, काय आहे म्हणून विचारायचा, ती सांगायची. कुणी सही करी, कुणी नाही. ज्याने केली नाही त्यालाही इंजेक्शन तितक्याच हलक्या हाताने मिळे.

तिने हे का केलं, असं हेबेरने एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "इर्मासाठी." इर्माची मुलगी शहात्तर साली कामावरून परत आली नाही. बारा वर्षं इर्मा दर गुरुवारी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन घेत होती आणि मुलीबद्दल अवाक्षर काढत नव्हती. गल्लीतले लोक तिच्या दारासमोरून जाताना भराभर पावलं उचलत. आधी भीतीने, मग सवयीने.

आता टेकडीवरच्या एकेचाळीस सह्या अडल्या होत्या. शनिवार, रविवार, सोमवार. या तीन दिवसांत त्या माणसांनी स्वतः येऊन सांगायचं, नाहीतर सही बाद. देशभर अशी हजारो माणसं होती आणि तेवढ्यांवरच सारं अडलं होतं. हेबेरने यादी टंकून आणली ती कार्डावरच्या नावांची आणि जुन्या पत्त्यांची. शुक्रवारी तो पाच दारं ठोठावून आला आणि पाचही ठिकाणी भलतीच माणसं राहत होती.

"ही मारिया एउलालिया कोण? सापडतच नाही," तो म्हणाला.

"तोता," निबिया म्हणाली. "तिचं खरं नाव तिच्या नवऱ्याला तरी माहीत असेल का कोण जाणे. बेकरीत असते. हा इसाबेलिनो आता बहिणीकडे राहतो, कातडी कमावतात त्याच्या मागे. हा वारला, सप्टेंबरात. हे दोघे भाऊ ब्वेनोस आयर्सला गेले."

हेबेर लिहून घेत होता. लिहिता लिहिता त्याचा हात थांबला. "झुल्मा आर्बिसा. ही तर त्या नाईकाची बायको. लष्कराच्या बराकीतल्या."

"हो."

"तिने सही केली होती?"

"मार्चमध्ये. इंजेक्शन घेतलं, कपडे सारखे केले आणि विचारलं, तो कागद कुठाय. म्हणाली, मी इर्माच्या समोर राहते, रोज सकाळी तिला दार उघडताना बघते. बाकी काही नाही बोलली."

"तिचं नाव सोडू या," हेबेर म्हणाला. यावेळी त्याचं बोलणं आखूड होतं. "सही गुपचूप झाली होती. आता चारचौघांत जाऊन उभं राहायचं. नवऱ्याची नोकरी आहे, बाई. एका सहीने काय होणार?"

निबियाने यादी आपल्याकडे ओढली. "तिच्या वतीने 'नको' म्हणणारे आपण कोण?" ती म्हणाली. "विचारू तर. नको म्हणाली तर नको."

रविवारी दुपारपर्यंत तिने सेफेरिनोला शाळेत पोचवलं. बेकरीत जाऊन ती गल्ल्यासमोर नुसती उभी राहिली, तेव्हा मालकाने तोताला तासभर सोडलं. इसाबेलिनोला त्याच्या भाच्याने सायकलवर मागे बसवून नेलं. चारच्या सुमाराला ती झुल्माच्या दारात गेली, हातात नेहमीची पिशवी.

दार दार्दोने उघडलं. नाईक दार्दो आर्बिसा, अंगात बनियन, हातात येर्बाच्या कडू काढ्याचा पेला, त्यात नळी. रेडिओवर फुटबॉल चालला होता.

"काय झालंय हिला?" त्याने विचारलं.

"काही नाही झालं. रक्तदाब बघायला आले. उन्हाचा त्रास होतोय बऱ्याच जणींना."

झुल्मा आतून हात पुसत आली. निबियाला पाहून तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला, पण ती मुकाट्याने खुर्चीवर बसली आणि तिने दंड पुढे केला. निबियाने पट्टा गुंडाळला, हवा भरली, कान लावला. दार्दो समोरच बसला होता.

"यादीत बऱ्याच जणींची नावं आहेत," निबिया म्हणाली. "मी उद्या रात्री आठपर्यंत शाळेपाशी आहे. वाटलं तर ये. नाही वाटलं तर येऊ नकोस. माझं काही म्हणणं नाही."

"मी नाही येणार, निबियाबाई," झुल्मा म्हणाली.

"बरं."

तिने पट्टा सोडला, पिशवी आवरली आणि निघाली. दार्दोने रेडिओचा आवाज वाढवला नाही की कमी केला नाही. रस्त्यावर आल्यावर निबियाला स्वतःचाच राग आला. जायला नको होतं असं वाटलं, आणि गेले नसते तरी हेच वाटलं असतं, असंही वाटलं.

सोमवारी संध्याकाळी शाळेसमोरची रांग रस्त्यापर्यंत आली होती. यादीतलं शेवटचं कोण कुठे आहे ते निबिया फाटकाशी उभी राहून हेबेरला सांगत होती. साडेसहाला रांगेतली कुजबुज एकदम थांबली. झुल्मा येत होती. रविवारी चर्चला जाताना घालायचा निळा झगा, हातात कार्ड. ती कुणाकडे न बघता रांगेच्या टोकाला उभी राहिली. पलीकडच्या फुटपाथवर, झाडाच्या सावलीत, साध्या शर्टात दार्दो थांबला होता. त्याच्या हातात बायकोची पर्स होती. पण त्या बारीक कापलेल्या केसांवरून तो कोण ते कुणालाही कळलं असतं, आणि टेकडीवर तर त्याला सगळे ओळखतच होते.

रांगेतली एक बाई मागे वळली आणि झुल्माला म्हणाली, "ये, इथे सावली आहे. पुढे ये." तिच्या मागच्यांनी सरकून जागा केली.

निबिया रस्ता ओलांडून दार्दोकडे गेली.

"काल किती भरला हिचा रक्तदाब?" त्याने विचारलं.

"एकशेवीस-ऐंशी."

"म्हणजे ठणठणीत. मग काल कशाला आलात ते मला तेव्हाच कळलं. पुढच्या वेळी सरळ सांगत जा, बाई. मी काय खातो का तुम्हाला?"

"तुम्ही पाठवलंत तिला?"

"मी कोण पाठवणार? रात्री तिनेच सांगितलं. मी म्हटलं, सही कुणाची? म्हणाली, माझी. मग जाऊन सांग की, म्हटलं. माझ्या बायकोला कुणी खोटं म्हटलेलं मला चालणार नाही." मग पर्स या हातातून त्या हातात घेत तो हळूच म्हणाला, "बाकी मी काय बोलणार. मला बोलायची परवानगी नाही."

एकेचाळिसांपैकी चौतीस जण आले. देशभरातही पुरेशी माणसं आली आणि मतदान घ्यायचं ठरलं. त्या दिवशी छापखान्यामागच्या खोलीत हेबेर बोलायला उभा राहिला आणि त्याला बोलताच येईना. लोकांनी त्याला बसवलं आणि वाइनचा ग्लास दिला.

फेब्रुवारीत दार्दोच्या बदलीचा कागद आला. आर्तिगासकडे, ब्राझीलच्या सीमेजवळचं एक गाव. बसने रात्रभराचा प्रवास. कागदावर कारण नव्हतं. बदलीच्या कागदावर नसतंच. सामान ट्रकवर चढताना निबिया मदतीला गेली. गाद्या बांधल्या, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली. निबियाला क्षमा मागायची होती ती मागता आली नाही. ट्रक निघाला तेव्हा इर्मा आपल्या दारात उभी होती. तिने हात वर केला. झुल्मानेही केला.

एप्रिलच्या मतदानाआधी टेकडीवरचं एकही घर सुटलं नाही. यावेळी निबिया एकटी फिरत नव्हती. सेफेरिनो इस्त्रीची पँट घालून आपल्या गल्लीत फिरला. तोताने पावाच्या पिशव्यांबरोबर हिरवी पत्रकं दिली, मालकाने बघून न बघितल्यासारखं केलं. कायदा रद्द करायला हिरवी मतपत्रिका, ठेवायला पिवळी. रविवारी लोक सहकुटुंब मतदानाला गेले.

आणि हरले. राजधानीत हिरव्या जास्त निघाल्या, टेकडीवर तर दुपटीहून जास्त. पण आतल्या प्रांतांमधून पिवळ्या आल्या आणि एकूण आकडा तिकडे झुकला. निबियाने रेडिओ बंद केला, सिरिंज उकळली, आणि सोमवारी सकाळी नेहमीच्या फेरीला निघाली. ज्यांना इन्शुलिन लागतं त्यांना सोमवारीही लागतंच.

गुरुवारी ती इर्माकडे गेली. टेबलावर दोन पेले विसळायचे राहिले होते.

"सेफेरिनो आला होता," इर्मा म्हणाली. "अर्धा तास बसला. आल्यापासून हवेबद्दलच बोलत होता. मग जाताना म्हणाला, तुझी मुलगी माझ्या दुकानातून मोजे न्यायची, तांबडे. मला हे माहीतच नव्हतं. तांबडे कशाला नेत असेल, निबिया? ती तर कधी घालायची नाही."

"कुणाला देत असेल."

"देत असेल." इर्माने बाही वर केली. "बारा वर्षांत तो या दारातून आत आला नव्हता. काल तोताही आली. घरात साखर पुरत नाहीये मला आता."

निबियाने दंड स्पिरिटने पुसला. इर्मा बोलत राहिली, मुलीला काय आवडायचं, ती कुठल्या बसने जायची. इंजेक्शन देऊन झालं तरी निबिया उठली नाही.

मे महिन्यात थंडी पडायला लागली तेव्हा पत्र आलं. रेघांच्या वहीचं पान, मोठी अक्षरं. निबियाने ते दारातच उभ्या उभ्या फोडलं.

"निबियाबाई," झुल्माने लिहिलं होतं, "आम्ही बरे आहोत. घर ओलं आहे पण अंगण मोठं आहे. दार्दो गप्प असतो, पण तो आधीही गप्पच असायचा. तुम्ही मनाला लावून घेतलं असेल म्हणून लिहिते. मला कुणी ढकललं नव्हतं. आमच्या इथल्या पेटीत अकरा हिरव्या निघाल्या. पिवळ्या कितीतरी होत्या. त्या अकरांतली एक माझी. एक दार्दोची असेल, मी विचारलं नाही. उरलेले नऊ कोण ते मी बघते आहे. दोन सापडल्यासारख्या वाटतात, एक शिक्षिका आहे आणि एक धोबीण. इथे इंजेक्शन देणारं कुणी नाही, लोकांना बारा कोस जावं लागतं. बायका मला विचारतात, राजधानीहून आलीस, तुला येतं का. मी नाही म्हटलेलं नाही. कसं देतात ते नीट लिहून कळवा."

निबियाला पत्रं लिहायची सवय नव्हती. ती टेबलाशी बसली आणि तिने कागद सारखा केला. मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून तिने तो सोडून दिला.

"आधी हात धू," तिने लिहिलं. "साबणाने, कोपरापर्यंत. घाई करू नकोस. माणसाला बसायला सांग, आणि पाणी उकळेपर्यंत त्याच्याशी बोल."