धारेपाशी यंत्र चालत नाही

जागा: शेपटी. आकडा: अठ्ठावन्न. शेरा: बरोबर.

घडीच्या चाकूचं पातं मुठीत जिथे अडकतं, त्या भागाला आम्ही शेपटी म्हणतो. पोलादाचा कठीणपणा मी तिथेच मोजते आणि वहीत लिहिते. यंत्राचं हिऱ्याचं टोक दाबलं की बारीक खळगा पडतो आणि काटा आकड्यावर थांबतो. खळगा पुढे मुठीत झाकला जातो, म्हणून शेपटी. धारेपाशी पातं इतकं पातळ असतं की यंत्र तिथे चालतच नाही. अठ्ठावन्नच्या आसपास आकडा आला की पातं पास. मग ते बाबांच्या चाकावर धारेला जातं.

बाबांच्या चाकानंतर कुणी काही तपासत नाही. ही पद्धत माझ्या आधीपासूनची.

जागा: टेबल. आकडा: दोनशे चाळीस. शेरा: परत आले.

परत आलेल्या चाकूंसोबत दुकानदाराची दोन ओळींची चिठ्ठी होती. दोरी कापली की धार वळते. आधीचे असे नव्हते.

मोठ्या काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि भट्टीकडे पाहिलं. भट्टी त्यांची. पातं लालभडक झालं की कोणत्या क्षणी तेलात टाकायचं ते रंगावरून ठरतं, आणि तो रंग चाळीस वर्षं काकांनीच ओळखलाय. ते म्हणाले, एक तर पोलाद खोटं आहे, नाहीतर माझा डोळा गेला. दुसरी गोष्ट त्यांनी इतक्या सहज म्हटली की मला बरं वाटलं नाही.

जागा: ठिणग्या.

पोलाद खोटं आहे का ते बघायला यंत्र लागत नाही. ज्या पट्टीतून ही पाती कापली होती तिचाच तुकडा चाकावर टेकवला, दिवे घालवले. ठिणग्या लांब जाऊन टोकाशी फुटत होत्या, एकीच्या पाच-पाच. मग जुना, खात्रीचा तुकडा टेकवला. तशाच. दोघांच्या ठिणग्या अदलाबदल केल्या असत्या तरी कळलं नसतं.

पोलाद खरं निघालं. काका म्हणाले, मग डोळाच. शेपटी जाड, तिला ताप नीट बसतो. टोक पातळ, तिथे माझी घाई झाली असणार. पुढच्या महिन्यापासून भट्टी बंद करू, पाती बाहेरून कडक करून आणू. कपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला सरकवायचं असावं अशा आवाजात. काकूंनी म्हणे घरी आधीच सुनावलं होतं, की ज्याला स्वतःच्या कपाळावरचा चष्मा सापडत नाही त्याने विस्तवापाशी उभं राहू नये. हे सांगून काका स्वतःच हसले.

बाबा चाक पुसत होते. चाक स्वच्छच होतं.

जागा: धार. आकडा: नाही.

पितळेची गोल सळई घेतली. तिच्यावर धार आडवी टेकवून हलकं दाबायचं. चांगली धार किंचित वाकते आणि परत सरळ होते. मुठीजवळ धार परत आली. मधल्या पोटापासून टोकापर्यंत ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. दहा चाकू घेतले, दहाही तसेच.

मग मला एक गोष्ट सुचली, जी आधीच सुचायला हवी होती. त्याच भट्टीच्या खेपेतली काही पाती धारेला जायची राहिली होती. त्यांच्या टोकावर कानस फिरवली. कानस चावेना, काचेवरून घसरावी तशी घसरली.

म्हणजे चाकाआधी टोक कडक. चाकानंतर मऊ. मध्ये फक्त चाक. आणि चाकापाशी बाबा.

शेरा:

जागा: बाबांच्या डाव्या खांद्यामागे.

बाबा हातमोजे घालत नाहीत. घासताना पातं तापतं, जास्त तापलं की मऊ पडतं, म्हणून पात्यामागे उघडं बोट ठेवायचं. बोटाला सोसेनासं व्हायच्या आत पाण्यात बुडवायचं. बोट खोटं बोलत नाही, असं ते मला लहानपणी सांगायचे.

त्यांनी पातं चाकाला लावलं. त्यावरचा पाण्याचा थेंब सुकला. टोक पिवळसर झालं, मग निळं. एवढंसं निळं, नखाच्या टोकाइतकं. पॉलिश करताना पुसलं जाणारं. बोट तिथेच.

मी म्हटलं, "बाबा, बुडवा."

त्यांनी बुडवलं. पाणी चरचरलं. त्यांनी बोटाकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचं त्यांच्या हातात राहून गेलंय.

"कधीपासून?"

"मोजलं नाही. मोजायचं काम तुझं."

मग हळूहळू सांगितलं. आधी शर्टाची बटणं सापडेनाशी झाली. मग वर्तमानपत्राची पानं एकाऐवजी दोन उलटायला लागली. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे बोटांची जाणीव जाते. घरी त्यांनी एवढंच सांगितलं होतं की हल्ली बटणांची काजं लहान शिवतात. आईने बिचारीने त्यांच्या सगळ्या शर्टांची काजं मोठी करून दिली होती.

मी विचारलं, काका भट्टी बंद करतायत ते ऐकलं ना. त्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, त्यांना वाटतंय की त्यांचा डोळा गेला.

बाबांनी चाक बंद केलं. ते चाक थांबायला वेळ घेतं. आम्ही दोघं ते थांबेपर्यंत उभे राहिलो.

मी म्हटलं, संध्याकाळी वहीत कारण लिहावं लागेल, आणि खोटं मी लिहिणार नाही.

"तू नको लिहूस. मी सांगतो त्याला. तू लिहिलंस तर त्याला वाटेल पोरीने पकडलं म्हणून बोललो."

जागा: भट्टीपाशी. आकडा: दोन भाऊ.

काका राख ओढत होते. बाबा म्हणाले, "दादा, तुझा डोळा ठीक आहे. माझं बोट गेलंय."

काकांनी फावडं खाली ठेवलं. आधी चिडले. चार दिवस मला रात्रीची झोप नाही, आणि हा शहाणा चाक पुसत बसला होता, असं ते माझ्याकडे बघत म्हणाले. भावाला बोलायचं असलं की ते नेहमी तिसऱ्या माणसाला सांगतात. मग त्यांनी बाबांचा हात उजेडात ओढला. बोटांवर भाजल्याचे तीन-चार डाग होते, बाबांनाही माहीत नसलेले. काकांनी एकेक बोट चिमटीत दाबलं. इथे कळतंय? इथे? अंगठा अर्धा कळत होता. करंगळी पूर्ण.

"करंगळीने धार लावणार आहेस का आता?"

बाबा म्हणाले, पाण्याचा दगड आहे ना मागे. सावकाश फिरतो, सतत भिजलेला असतो, त्यावर पातं तापतच नाही. मऊ झालेला भाग केसाएवढा आहे, तेवढा घासून काढला की आत पोलाद चांगलंच आहे. तिथे बोटाचं काम नाही.

काका म्हणाले, त्या दगडावर दिवसाला दहा होतात.

"मग चोवीस दिवस."

"आणि माझी भट्टी?"

"तुला बंद करायची तर कर. पण माझ्या बोटासाठी कशाला? स्वतःचं कारण शोध."

काकांनी फावडं उचललं आणि राख ओढायला लागले. दुसऱ्या दिवशी भट्टी नेहमीच्या वेळेला पेटली.

जागा: धार. शेरा: यापुढे चाकानंतरही तपासणे.

हे काकांनी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिलं. बाबांनी दगडावरची गोणपाटं काढली, बादली भरून घेतली आणि मला स्टूल जवळ ओढायला सांगितलं. पातं घासून झालं की ते माझ्याकडे देत, मी सळईवर दाबे. दगडाचा आवाज चाकापेक्षा खूप कमी आहे, बोलता आलं असतं.

त्या दिवशी सात झाले. आठवं मी परत केलं. बाबांनी ते घेतलं, पुसलं, आणि पुन्हा दगडावर ठेवलं.