गप्प बसणारा निळा

"लाइट गेली," शेजारची मामा रिस्की म्हणाली आणि आपल्या भज्यांच्या कढईकडे वळली. या गल्लीत मामा म्हणजे आई, आणि ही सगळ्यांचीच मामा.

लाइट गेली नव्हती. समोरच्या न्हाव्याचा पंखा गरगरत होता, स्पीकरवरचा लाल ठिपका डोळे वटारून बघत होता. लॅपटॉपच्या पडद्यावर इयाचं सगळ्यात लाडकं कापड ऐसपैस पसरलं होतं. फक्त आवाज येत नव्हता. मोरेनिकेने आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिरगाळलं. हूं नाही की चूं नाही.

आत्ता दोन मिनिटांपूर्वी तर काय झकास चाललं होतं! अभ्यास करते असं सांगून मोरेनिके कितीतरी संध्याकाळी याच्यातच गढलेली होती. पडद्यावरचा कुठलाही फोटो म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिघांची भेळ. आवाज घडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिने प्रत्येकाला एकेक वाद्य वाटून दिलं. लालला ढोल, हिरव्याला बासरी, निळ्याला खर्जातली तार. रंग जितका उजळ, तितकं त्याचं वाद्य जोरात. एक रेघ फोटोवरून सरकत जाते आणि वाटेत जो रंग भेटेल त्याला वाजवते. मामा रिस्कीच्या डोक्यावरच्या लालभडक रुमालाने तर असा ढोल बडवला की मामा कढई सोडून नाचली होती.

मग मोरेनिके ऐटीत म्हणाली होती, "आता इयाचं कापड. बघाच तुम्ही."

इया म्हणजे तिची आजी. नायजेरियातल्या अबेओकुटा गावच्या या गल्लीतली रंगारीण, लग्नाआधीपासून कोपरापर्यंत निळी. पण तिची कंबर आता रांजणावर वाकेना. शेवटच्या रांजणातली नीळ आज संपवायची आणि तो पालथा घालायचा, असं तिने परवाच ठरवून टाकलं होतं. त्याआधी इयाच्या निळ्याला एकदा तरी आवाज मिळावा, एवढंच मोरेनिकेला हवं होतं. आणि कधी कुणाकडे काही न मागणारी इया स्वतः पेटीतून ते कापड काढून, नवा ब्लाउज घालून येऊन बसली होती.

रेघ सरकत कापडावरच्या पांढऱ्या पाखरांपाशी पोचली आणि ढोल, बासरी, तार एकदम कोकलली. पाखरं संपली. पुन्हा चिडीचूप.

"पांढरं वाजतंय," इया हळूच म्हणाली.

"हो, इया, पण..."

"पांढरं माझं नाही. पिसाने खळीची पाखरं काढायची माझी थोरली बहीण. खळ असेल तिथे रंग धरत नाही, म्हणून ते पांढरं राहतं. मी केलं ते निळं."

"बघ बाई," मामा रिस्की म्हणाली, "जिवंत होती तेव्हा तुला बोलू द्यायची नाही. आता गेल्यावरही तीच बोलतेय."

इया हसली, पण तिने कापडाचं टोक हातात घेऊन बारीक घडी घालायला सुरुवात केली. ते बघून मोरेनिकेने घाईघाईने लॅपटॉप पुढे ओढला. चूक तिच्या लक्षात आली होती. इया कापड पुन्हा पुन्हा बुडवून असं गडद करायची की यंत्राला तिथे रंगच सापडत नव्हता. जितकी मेहनत जास्त, तितकी शांतता जास्त.

"थांबा, मी उलटं करते. जितकं गडद तितकं मोठं."

तिने उलटं केलं. स्पीकर असा गुरगुरला की न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आलं.

"हा जनरेटर आहे," इया म्हणाली. "मी जन्मभर जनरेटर रंगवला होय गं?"

मोरेनिकेने सगळं पूर्वीसारखं केलं. डोळे पुसायला मान वळवली, तेवढ्यात इयाची हाक आली.

"नाक नंतर ओढ. ऊन आहे तोवर शेवटचं कापड बुडवू. मला वाकवत नाही, तू वाक."

फोटो काढायचा कॅमेरा लॅपटॉपला जोडलेलाच होता; मोरेनिकेने तो चालू करून वाळत घालायच्या दोरीकडे, मागच्या काळ्याकुट्ट भिंतीकडे वळवून ठेवला, म्हणजे रेघ आता समोर दिसेल त्यावरूनच सरकणार. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तिने रांजणात हात घातले, कापड पिळून वर काढलं आणि दोरीवर टाकलं.

बासरी वाजली.

नीळ रांजणातून निघते तेव्हा हिरवी असते, हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होतं. पण आजवर कुणी ते ऐकलं नव्हतं. वारा लागला तसं कापड निळं होऊ लागलं. बासरी थकली, खाली खर्जातली तार उरली, मग तीही विरत गेली.

मामा रिस्कीची भजी करपत होती. तिचं लक्ष नव्हतं.

"परत," इया म्हणाली.

मोरेनिके परत वाकली. बासरी या वेळी लवकर दमली. "परत." आणखी लवकर. कापड पुरेसं गडद झालं का, हे इया नेहमी चिमटीत चोळून, उजेडाकडे धरून बघायची. आज ती डोळे मिटून बसली होती आणि तिची निळी बोटं मांडीवर तारेबरोबर हळूहळू खाली उतरत होती.

"परत."

या वेळी बासरीचा एक श्वास, तारेचा एक थरकाप, आणि मग काही नाही. लाइट गेली असं कुणी म्हटलं नाही.

"झालं," इया म्हणाली. "याच्यापुढे निळा नसतो."

मग तिने आणि मामा रिस्कीने मिळून रांजण कलता केला. उरलेलं पाणी मोरीतून वाहत गल्लीत गेलं. मोरेनिकेने स्पीकर बंद करायला हात पुढे केला. हात मनगटाच्या वरपर्यंत निळा होता. तिने तो मागे घेतला, आणि गप्प कापडासमोर स्पीकर तसाच चालू राहिला.