आपल्या गोलचा आवाज

"हा स्वेटर घाल," मी म्हणाले.

एवारिस्तो त्या स्वेटरकडे बघतच राहिला. स्वेटर लाल होता. समोरच्या क्लबचा, मोलिनोवाल्यांचा रंग.

"बघतोस काय? त्यांच्या मैदानात, त्यांच्या माणसांत बसायचं तर लालच घालावं लागणार. जायचा हट्ट कोणी धरला? मी?"

तो काही बोलला नाही. बोलणार तरी कसा? मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याच्या खाली एक भोक ठेवलंय, त्यातून तो श्वास घेतो, आणि श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते. सुरुवातीला त्या शिट्टीने माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. नंतर ती ऐकू आली नाही तरच मी दचकून उठायला लागले.

पोरीच्या लग्नात कोटाला लाल फूल लावायचं नाही म्हणून याच माणसाने भर चर्चमध्ये तमाशा केला होता. पण त्या दिवशी घातला बिचाऱ्याने स्वेटर. आत काय घातलंय ते मला बसमध्ये बसल्यावर कळलं. गळ्यापाशी आमच्या क्लबच्या शर्टाची हिरवी कड दिसत होती.

"अरे, मरायचंय का तुला?" मी त्याच्या कानात म्हणाले.

त्याने खांदे उडवले. तसंही काय राहिलंय, असं त्याला म्हणायचं होतं.

स्पोर्तिवो पालेंके. हा आमचा फुटबॉलचा क्लब. आमचा म्हणजे त्याचा. माझी तर ती सवत होती. लग्न केलं माझ्याशी आणि संसार केला पालेंकेशी. गुरांच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं टायर-पंक्चरचं दुकान होतं. रविवारी दुपारी गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी हा कुलूप लावून, ढोल गळ्यात अडकवून चालू लागायचा. पोरगी झाली तेव्हा मी तिकडे कळा देत होते आणि हा पेनल्टी बघत होता. ती पेनल्टीसुद्धा हुकली! गळा सिगारेटीने गेला असं डॉक्टर म्हणतात. मी म्हणते पालेंकेने खाल्ला. इतकी वर्षं शिरा ताणताणून ओरडल्यावर दुसरं काय होणार?

आणि मिळालं काय? वादळात प्रेक्षकांच्या डोक्यावरचं छप्पर उडालं ते परत बसलंच नाही. खेळाडूंची गाडी बंद पडायची आणि खेळाडूच ती ढकलायचे. खेळायचे ते सगळ्यात खालच्या गटात, आणि त्या गटातही तळाला. त्याच्याखाली उतरायला जागाच नाही. तिथे जो शेवटचा येतो त्याला एक वर्ष लीगमधून बाहेर काढतात. वर्षभर सामना नाही, काही नाही. मैदानाला टाळं.

त्या वर्षी ती पाळी पालेंकेवर आली होती. शेवटचा सामना उरला होता, मोलिनोच्या मैदानावर. बरोबरी झाली तरी वाचणार होते. हरले तर वर्षभर बाहेर.

त्याच आठवड्यात डॉक्टर मला दवाखान्याच्या बोळात घेऊन हळूच म्हणाले, "बाई, मनाची तयारी ठेवा. वर्ष काढतील असं वाटत नाही." मी मागे वळले तर हा तिथेच उभा. गळा गेला होता, कान कुठे गेले होते? घरी येईपर्यंत त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पण हिशोब आमच्या दोघांच्याही डोक्यात तोच होता. पालेंके वर्षभर बाहेर गेला, तर परत येईल तेव्हा हा नसेल.

आमच्याकडे पाहुण्या क्लबच्या लोकांना मैदानात येऊ देत नाहीत. मागे कुणाला तरी भोसकलं, तेव्हापासून बंदी. याचा ढोलातला जोडीदार रुफिनो बस चालवतो. त्याने मोलिनोतल्या मेव्हण्याकडून दोन तिकिटं मिळवली.

"वहिनी, तुम्हीही जा. हा एकटा गेला तर मार खाऊन येईल."

"मी? मला त्यातलं काडीचं कळत नाही."

"कळायचंय काय त्यात? सगळं मैदान ओरडलं की समजा आपण मेलो. सगळं मैदान गप्प झालं की आपला गोल. आपल्या गोलला तिथे आवाज नसतो, वहिनी."

तर असे आम्ही मोलिनोवाल्यांच्या गर्दीत जाऊन बसलो. शेजारी लाल टोपी घातलेला एक जाडा तरुण होता. माणूस वाईट नव्हता. "या आजी, इकडे सरका. आजोबांना कठड्याला टेकू द्या," म्हणाला. आपल्या सॉसेज-पावातला अर्धा त्याने मला दिला. खाली निखाऱ्यांवर सॉसेज भाजत होते, नुसता घमघमाट सुटला होता. एवारिस्तोला त्याचा पत्ता नव्हता. ऑपरेशनपासून त्याला वासच येत नाही.

"आज पालेंक्याला गाडायचंच, काय आजी?"

"हो तर! चांगला खोल गाडा," मी म्हणाले.

एवारिस्तोने माझ्या पायावर पाय दिला.

पूर्वार्धात काहीच झालं नाही. मी आपली बायकांचे चपला-बूट बघत बसले होते. उत्तरार्ध सुरू झाला, आणि आमच्या एका काटकुळ्या पोराने कोपऱ्यावरून आलेला चेंडू डोक्याने मारला. जाळं हललं. मैदान असं गप्प झालं, की बाहेर कुत्रं भुंकत होतं तेही ऐकू आलं.

एवारिस्तो उठून उभा राहिला. मी त्याला किती बजावलं होतं! पण उठला. तोंड उघडलं, मानेच्या शिरा टरारून फुगल्या, डोळे बाहेर आले, आणि आवाज नाही. गळ्याच्या भोकातून नुसती हवा सूं सूं करत बाहेर पडत होती. सगळा गोल त्या माणसाच्या छातीत अडकून बसला होता आणि त्याला बाहेर यायला वाट नव्हती. मला ते बघवलं नाही हो. जीव तुटला माझा.

"गोऽऽऽल!"

बाईचा आवाज. कोण ओरडलं म्हणून मीही इकडेतिकडे बघितलं. मीच ओरडले होते.

सगळ्या माना वळल्या. "कोण रे ते?" "ती बघ, ती म्हातारी!" जाडा माझ्याकडे बघतच राहिला. "आजी, तुम्ही?"

तेवढ्यात एवारिस्तो माझ्यासमोर आला. त्याने स्वेटर गळ्यापर्यंत वर ओढला. आत हिरवा शर्ट. त्या शर्टावर मूठ आपटून तो दाखवायला लागला, मी, मी, मी ओरडलो.

"खोटं! बाईचा आवाज होता," मागून कुणीतरी म्हणालं.

त्याने पुन्हा छातीवर मूठ आपटली. त्या झटापटीत गळ्याचं भोक झाकायला बांधलेलं फडकं सरकलं.

"अरे, याला तर गळाच नाही," जाडा म्हणाला. "हा कसला ओरडतोय!"

दोघंतिघं हसले. एकाने शिवी घातली, एक जण वरून थुंकला, ते एवारिस्तोच्या खांद्यावर पडलं. जाड्याने दोन्ही हात पसरून मागच्यांना अडवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आजी, जा बाई लवकर. मी तरी किती जणांना धरू?"

पोलिसांनी दंडाला धरून आम्हाला फाटकाबाहेर काढलं.

रस्त्यापलीकडच्या कठड्यावर आम्ही बसलो. मी रुमालाने त्याचा खांदा पुसला आणि मला रडूच फुटलं. जन्मभर या क्लबला शिव्या घातल्या, आणि त्याचा कदाचित शेवटचा सामना, तोही धड बघू दिला नाही. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, हाही रडतोय. वर बघितलं तर हसत होता! माझ्या तोंडाकडे बोट दाखवून त्याने दोन्ही हात फाकवले. केवढ्यांदा ओरडलीस गं!

मग आम्ही भिंतीकडे तोंड करून ऐकत बसलो.

थोड्या वेळाने आतून गर्जना झाली. त्याने दोन बोटं जोडून दाखवली. बरोबरी. अजून वाचत होतो. मग कितीतरी वेळ काहीच नाही. त्याच्या गळ्यातली शिट्टी भराभर वाजत होती.

"आता गप्प आहेत बघ," मी म्हणाले. "आपला झाला असेल का?"

त्याने मान हलवली. ती शांतता वेगळी असते, त्याला ती कळायची.

मग दुसरी गर्जना झाली. ढोल, फटाके, सगळंच. कबुतरं उडाली. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. सामना संपल्याची शिट्टी होईपर्यंत जागचा हलला नाही. मग उठला, लाल स्वेटर काढला, नीट घडी करून कठड्यावर ठेवला. ज्याला हवा त्याने न्यावा. आणि त्या थंडीत, लाल टोप्यांनी भरलेल्या बसमध्ये, हिरवा शर्ट घालून दांडीला धरून घरापर्यंत उभा राहिला. कुणी काही बोललं नाही. मी शेजारी उभी होते. कुणी बोललं असतं तर मीच बघून घेतलं असतं.

पालेंकेच्या मैदानाला टाळं लागलं. गवत वाढलं, कुणाचा तरी घोडा आत चरायला लागला. एवारिस्तो रविवारी दुपारी शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसायचा. पुढे खुर्चीवर बसणं झेपेना, तेव्हा शर्ट घालून पलंगावर पडून राहायचा.

ऑगस्टमधला रविवारच होता. मी स्वयंपाकघरात भोपळा चिरत होते. आतल्या खोलीतून त्याची शिट्टी ऐकू येत होती. माझं अर्धं चित्त सुरीवर आणि अर्धं तिकडे.

शिट्टी थांबली. सगळं घर गप्प झालं. आणि देवाशपथ सांगते, पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हेच, की आपला गोल झाला.

मग मी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि आत गेले.