तात्यांचे हात सुटेनात

क्षमावाणीच्या सकाळी मंदिरात सगळ्यांनी एकमेकांना हात जोडले, आणि बाळगोंडा तात्यांचे जोडलेले हात पुन्हा सुटले नाहीत.

आखडले किंवा अडकले असं नव्हे. तळव्याला तळवा मिळाला होता आणि मधली रेघच नाहीशी झाली होती. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत कातडी सलग होती, भोपळ्याच्या सालीसारखी. दुखत काही नव्हतं, म्हणून तात्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. भगवंतांपुढं वाकले (त्याला हात जोडलेलेच लागतात), आणि पायऱ्या उतरून खाली आले.

खाली सुलोचनाकाकी चपला घालत होत्या.

"हात सुटंनात," तात्या म्हणाले.

काकींनी हात उलटसुलट करून पाहिले, नखानं टोकरून पाहिलं. "असू देत की. आज काय पेरणी करायची हाय? आज हात जोडायचाच दिवस हाय."

ते खरंच होतं. जैनांच्या दशलक्षण पर्वाचे उपास, पूजा, झाल्या चुका आठवायचं प्रतिक्रमण, सगळं पार पडलं, की शेवटी हा दिवस येतो. आपल्या माणसांच्या घरोघरी जायचं आणि म्हणायचं, "वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी." समोरच्यानं म्हणायचं, "उत्तम क्षमा." मग हातावर लाडू नाहीतर केळं ठेवतात आणि आपण पुढच्या दाराकडं वळतो. तात्यांसारखं हे वाक्य गावात कुणाला म्हणता येत नसे. पाठशाळेत त्यांनी आधी आजच्या बापांना शिकवलं होतं, आता त्यांच्या लेकरांना शिकवत होते. रागावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पोर दहादा चुकलं तर तात्या अकराव्यांदा तितक्याच मऊपणानं सांगत.

पहिलं घर मगदुमांचं. तात्यांनी उंबऱ्याशी वाकून वाक्य म्हटलं. म्हाताऱ्या मगदूमआक्कांचे डोळे पाणावले. "उत्तम क्षमा, तात्या. तुमच्याकडून कशाला काय चुकतंय?" त्यांनी लाडू पुढं केला, तो काकींनी घेतला आणि तात्यांना भरवला. बाहेर आल्यावर तात्यांनी पाहिलं, मनगटंही एक झाली होती.

दुसऱ्या घरी उत्तम क्षमा मिळाली आणि सांधा चार बोटं वर चढला. तिसऱ्या घरी आणखी. क्षमा जितकी चटकन मिळे तितका तो भराभर चढे. मधल्या आळीत तर लोक तात्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच क्षमा करत होते. आळी संपली तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत एकच झाले होते.

"आता घरी जाऊया," काकी म्हणाल्या.

"एखादं घर राहिलं तर? माणसं काय म्हणतील?"

लोक वेगळंच म्हणत होते. जिथं जाऊन आले होते तिथली माणसं पुन्हा दारात येऊन उभी राहिली होती. "तात्या, आमच्यात परत एकदा म्हणा की. इचलकरंजीची पाहुणी आल्यात, त्यांनी ऐकलं न्हाई." कुणी लेकराला उचलून धरून दाखवत होतं, "बघ, असे जोडायचे हात. जरा तरी फट दिसती का?" एका सुनेनं तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. तात्या अवघडले. क्षमा मागायला निघालेल्या माणसाच्या पाया कसं पडतात, त्यांना समजेना. पण नको म्हणायला हात लागतो. हात तर जोडलेले होते.

तेवढ्यात तळव्यांच्या आत काहीतरी हललं.

आधी वाटलं, आपलीच नाडी. पण नाडी अशी थांबून थांबून चालत नाही. मुठीत धरलेल्या चिमणीसारखं काहीतरी फडफडलं, थांबलं, पुन्हा तेवढंच फडफडलं. ते पुढं जायला बघत होतं आणि एकाच जागी अडत होतं.

काकींनी त्यांना जिनाप्पा कंपाउंडरकडं नेलं. जिनाप्पांनी हात दिव्याखाली धरला आणि पातं उकळत ठेवलं. "वरवर चीर देतो. दोन हात हुतं, दोन हुतील. त्यात काय एवढं."

"थांबा," तात्या म्हणाले. "आत जीव हाय."

"तुमचाच असंल."

"माझा न्हाई. माझा मला माहीत हाय."

जिनाप्पांनी कान लावला. बराच वेळ लावला. मग गॅस बंद केला आणि पातं फडक्यात गुंडाळून ठेवलं. रात्री दिवा लावला तर चिलटं मरतील म्हणून अंधारात बसणारा माणूस, तो चीर देणार नव्हता. "हे काम माझं न्हाई," ते म्हणाले. "तात्या, कुणाची तरी क्षमा राहिली असंल."

"घरात हुती त्या सगळ्यांची मागितली."

"कशाबद्दल मागितली?"

कळत-नकळत, एवढंच तात्यांना माहीत होतं.

बाहेर येऊन ते कट्ट्यावर बसले आणि आठवू लागले. मगदुमांच्या बांधावरची चिंच पाडली होती, ती मोठ्यानं कबूल केली. धाकट्या भावाला लग्नात मान दिला नव्हता, तेही सांगितलं. काकींना म्हणाले, "तुझ्या आईच्या आजारपणात तुला माहेरी धाडलं न्हाई."

"ते मी कधीच सोडून दिलंय," काकी म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सगळं सोडलेलं न्हाई. पण ते ह्यातलं न्हवं."

हात तसाच राहिला. आतलं फडफडणं मात्र वाढलं, आणि ते एका बाजूला ओढू लागलं. तात्या उठले आणि ओढीच्या मागं चालू लागले. ओढ भूपाल चौगुल्यांच्या दाराशी येऊन थांबली.

"इथं सकाळीच हाका मारल्या की," काकी म्हणाल्या. "आत कुणी न्हवतं."

दार लोटलेलं होतं. काकींनी ते ढकललं. आत सगळे होते. भूपाल, त्याची बायको सुनंदा, भिंतीला टेकलेले आजोबा. सुनंदा हसून पुढं आली आणि बोलू लागली. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. भूपालनं चटई टाकली, काहीतरी विचारलं, तेही नुसत्या ओठांनी. आजोबा खोकले, तो खोकलासुद्धा नुसता दिसला. चुलीवर दूध उतू जात होतं आणि चर्र होत नव्हतं. सकाळी ह्यांनी हाकेला ओ दिली होती, हे काकींच्या तेव्हा ध्यानात आलं.

दाराआड भूपालची लेक चेलना उभी होती. पाठशाळेतली, नऊ वर्षांची. तिचेच ओठ तेवढे मिटलेले होते.

तात्यांना पर्वातली ती संध्याकाळ आठवली. गावात मुनिमहाराज आले होते आणि त्यांच्यापुढं पोरांनी एका सुरात णमोकार मंत्र म्हणायचा होता. चेलना पहिल्याच अक्षरावर अडखळे. 'ण' तिच्या ओठांशी येऊन तिथंच राही, आणि सगळ्या पोरांना थांबावं लागे. तात्या रागावले नव्हते. खाली बसून तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता, तळहातावर खडीसाखर ठेवली होती आणि म्हणाले होते, "बाळ, तू नुसते ओठ हलव. कुणाला कळायचं न्हाई." तिनं मान डोलावली होती. णमोकार सुरेख झाला होता. महाराजांनी तात्यांकडं बघून आशीर्वादाचा हात वर केला होता.

पण हे मायेनं सांगितलं होतं. तात्या गोंधळून उभे राहिले. मायेनं सांगितलेलं कोणत्या खात्यात जातं, हे त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, आणि कुणी त्यांनाही शिकवलं नव्हतं.

सवयीनं त्यांच्या तोंडून तेच वाक्य गेलं. "वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर..." आवाज छान लागला. सुनंदाच्या ओठांवर 'उत्तम क्षमा' स्वच्छ दिसलं, भूपालच्याही. त्याबरोबर दंड छातीला चिकटले, हात वर सरकला आणि बोटांची टोकं हनुवटीखाली येऊन टेकली.

"आता पुन्हा ते म्हणू नका," काकी हळूच म्हणाल्या. "आता तोंडाची पाळी हाय."

चेलनानं क्षमा केली नव्हती. ती नाही म्हणत नव्हती, रागावलेलीही नव्हती. तिच्यापाशी अजून काही मागितलंच गेलं नव्हतं, म्हणून ती वाट बघत होती.

तात्या गुडघ्यांवर बसले. हातांचा आधार नव्हता, त्यामुळं बसताना तोल गेला आणि ते पुढं कलंडले. काकी धरायला धावल्या, पण तात्यांनी नको म्हणून मान हलवली. कपाळ जमिनीला लागलं. मोठ्या कष्टानं ते थोडे वर झाले, तेव्हा त्यांचा चेहरा चेलनाच्या चेहऱ्याच्याही खाली होता. पाठशाळेत इतक्या खालून त्यांनी कुठल्याही पोराकडं पाहिलं नव्हतं.

"चेलना," ते म्हणाले. आवाज आला नाही.

ते बोलत राहिले. मी तुझा आवाज काढून घेतला. सूर बिघडू नये म्हणून घेतला. माझा सूर. महाराजांनी मला बरं म्हणावं म्हणून. शब्द ओठांवर नीट जुळत होते आणि ओठांपलीकडं काही जात नव्हतं. चेलना वाकून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. ह्या घरात राहून तिला ओठ वाचता येऊ लागले असावेत. वाक्य संपलं तेव्हा तिनं बोट वर केलं. परत.

त्यांनी परत म्हटलं. ह्या वेळी 'मायेनं' हा शब्द मध्ये आला, तशी तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यांनी तो गाळला. परत. दारात लोक जमले होते. तात्या चौगुल्यांच्या घरात वाक्य म्हणतात, हे कळून आले होते, आणि काही ऐकू येत नाही म्हणून एकमेकांना गप्प करत होते. थोड्या वेळानं तेही गप्प करणं नुसतं दिसू लागलं.

"अवो," काकी म्हणाल्या असाव्यात.

तात्यांना आता काकींचाही आवाज येत नव्हता. वाक्यातलं काय उरलंय आणि काय अजून खोटं आहे, हे त्यांना कळेनासं झालं होतं. शेवटी त्यांनी सगळंच सोडलं आणि नुसता णमोकार धरला. त्यासाठी ओठ उघडले. पहिल्या अक्षराला जीभ टाळूला लागली आणि तिथंच राहिली.

चेलना चटईवर बसली. तिनं आपले दोन्ही तळवे त्यांच्या हाताभोवती धरले. आतलं फडफडणं थांबलं. मग बोटांच्या टोकांमधून, जिथं काही फट नव्हती तिथून, चेलनाचा एवढासा आवाज आला.

"ण."

त्यानंतर काही नाही. सुनंदानं ओठ मिटले. भूपालनं, आजोबांनी, दारातल्या माणसांनी मिटले. सगळं घर पुढच्या अक्षरासाठी थांबलं, आणि ते येण्यासाठी नेमकं कुणी श्वास घ्यायचा, हे न कळून तात्या आणि चेलना एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले.