आठचं माप

आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेली एकोणीस वर्षं गुडघ्याच्या दोरीचं माप आठच येतं. पेशंट सहा फुटी पहिलवान असो नाहीतर शाळकरी पोर, आठ मिलिमीटर. असं कधी असतं का? नसतंच. पण ऑपरेशन करणाऱ्या साहेबांना आठच ऐकायचं असतं, आणि माप सांगणारी सिस्टर मी.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं की मांडीच्या मागून दोन बारीक दोऱ्या काढून त्याच्या जागी बसवतात. त्या आधी माझ्या टेबलावर येतात. मी त्या साफ करते, दुमडून चार पदर करते, टोकांना टाके घालते आणि मापाच्या पट्टीतून ओढते. पट्टीला ओळीने भोकं असतात, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाढत जाणारी. ज्या भोकातून दोरी चापून जाते ते तिचं माप. तेवढंच भोक हाडात पाडायचं, म्हणजे हाड तिला धरून ठेवतं. हाडातल्या भोकाची जागा शोधण्यात साहेबांचा हात धरणारा कोणी नाही. तिथे ते केसभरही इकडचं तिकडे होऊ देत नाहीत. मापाच्या बाबतीत मात्र सगळी घाई. आठचं ड्रिल आधीच मशीनला लावून ठेवायचं आणि मग मला विचारायचं, "किती?" अगदी नवी असताना मी एकदा "साडेसात" म्हणाले होते. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी माझी जी काही बिनपाण्याने केली, त्यानंतर मी शहाणी झाले.

माझ्या भावाची मुलगी व्हॉलीबॉल खेळते. छोटी म्हणतो तिला, आहे माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि अंगाने काडी. उडी मारून उतरताना तिचा गुडघा फिरला आणि लिगामेंट तुटलं. पुढच्या वर्षी मोठ्या संघाची निवड होती, आणि त्यात तिचं नाव पक्कं धरलेलं होतं. दादा तिला दुसरीकडे नेणार होता, मीच अडवलं.

"कुठे वणवण करत बसतोस? मी असते ना आत," म्हटलं.

होतेच मी आत. तिच्या दोऱ्या बारीक निघाल्या. चार पदर करूनही आठच्या भोकातून सुळकन गेल्या. साडेसातातूनही सैलच. सातात चापून बसल्या. टाके उसवून आणखी एक पदर घेतला असता तर जाडी आली असती. वीस मिनिटांचं काम.

"किती, सिस्टर?"

"आठ," मी म्हणाले.

सवयीने तोंडातून गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. सवयीने गेलं असतं तर लगेच सुधारता आलं असतं, ड्रिल सुरू व्हायला चांगलं मिनिटभर होतं. मी पट्टी हातात धरून तोंडात मिठाची गुळणी घेतल्यासारखी उभी राहिले. भाचीचा गुडघा समोर उघडा होता आणि मला भीती वाटली ती साहेबांच्या ओरडण्याची. कागदावरही मीच लिहिलं, आठ.

दहा महिन्यांनी गुडघा परत सरकायला लागला. साहेबांनी स्कॅन बघितला. दोरी सैल पडली होती, हाडातलं भोक रुंदावलं होतं. आता आधी ते हाडाच्या चुऱ्याने बुजवायचं, सहा महिने थांबायचं, मग पुन्हा ऑपरेशन. म्हणजे निवड गेली.

"जागा बरोबर, माप बरोबर, हे बघा लिहिलेलं," साहेबांनी फाइल दादापुढे सरकवली. माझंच अक्षर. "पोरीने व्यायामात कुचराई केली असणार."

घरी आल्यावर दादाने सगळं खापर तिच्यावर फोडलं. मोबाइल, मैत्रिणी, आळस, काही म्हणता काही सोडलं नाही. पोर उठून आत गेली आणि एक वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. रोजचा व्यायाम, सकाळ-संध्याकाळ, तारखेसकट. तापात होती त्या आठवड्याचाही.

"आत्या, तू असे पेशंट रोज बघतेस," ती म्हणाली. "खरं सांग. माझंच काहीतरी चुकलं ना?"

दादा माझ्याकडे बघत होता. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. मी वहीची पानं उलटत राहिले, जणू त्यात मला खरंच काही सापडणार होतं. लाज वाटते सांगायला.

"थोडा कमी पडला असेल गं," मी म्हणाले.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि वही घेऊन गेली. आता ती दुप्पट व्यायाम करते.

निघताना दादा फाटकापर्यंत सोडायला आला. मघाच्या रागाची त्यालाच लाज वाटत असावी, माझी पिशवी त्याने हातात घेतली होती.

"या वेळीही तूच आत उभी राहा," तो म्हणाला. "तू असलीस की आम्हाला काळजी नसते."

"राहते ना," मी म्हणाले.