पायाळूची लेक

कळसाडीत कोणाच्या पाठीत उसण भरली की दवाखाना नंतर, आधी गिरधरचं अंगण. गिरधर पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. अशा माणसाने दुखऱ्या पाठीवर पाय ठेवला की उसण उतरते. ज्याला हे खोटं वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं. त्याची पाठ अजून धरलेली नाही, एवढंच. ऊसतोडीचे गडी येत, कापूस वेचून वाकलेल्या बाया येत. एकदा तर तालुक्याचा साहेब गाडीतून उतरून निमूट पालथा पडला होता. गिरधर कोणाचा चहासुद्धा घेत नसे. देवाने दिलेलं, ते देवाच्याच नावाने वाटायचं.

मयूरी जन्मली तेव्हा तिच्या दोन्ही पायांचे अंगठे आखूड आणि आत वळलेले होते. नर्सबाई म्हणाली, दाखवून घ्या कुठेतरी. पण गावाने आधीच निकाल लावला होता: पोरगी बापाचा पाय घेऊन आली! गिरधरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोर चालायला लागली तसा तो येणाऱ्याजाणाऱ्याला तिचे पाय दाखवी आणि म्हणे, माझ्यामागं हीच चालवणार.

आठव्या वर्षी मयूरी शाळेत लंगडी खेळताना पडली. पाठीवर गाठ आली, मान आखडली. घरातच औषध असताना बाहेर कोण जाईल? रोज संध्याकाळी गिरधर तिला अंगणात गोधडीवर पालथी निजवी आणि तिच्या पाठीवर पाय ठेवी, कधी कोणावर ठेवला नसेल इतका हळू. पोरगी खिदळायची. "बापू, गुदगुल्या व्हतीस!" आठवड्याभरात गाठ बसली, पण तिथली पाठ पाटासारखी कडक झाली. मग खांद्याजवळ दुसरी गाठ आली. गिरधरने पायाचा जोर वाढवला. वेडा बाप! जितकं कडक लागे तितकं जास्त दाबी. दिवाळीपर्यंत मयूरीचा डावा हात डोक्यापर्यंत जाईना. तिची वेणी तिची आई नूतन घालू लागली.

शेवटी नूतनच उठली आणि पोरीला शहाद्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांना कॅन्सरची शंका आली. गाठीचा तुकडा काढून तपासू म्हणाले, पण त्याआधी नंदुरबारहून स्कॅन करून आणा. गिरधर दोघींना घेऊन नंदुरबारला गेला. सगळ्या वाटेत तो एकच पुटपुटत होता: कॅन्सर नको रे बाबा, दुसरं काहीही दे.

स्कॅन वाचणारे डॉक्टर हेमकांत तरुण होते. पडद्यावरचं चित्र ते बराच वेळ मागेपुढे करत राहिले, मग उठून बाहेर आले आणि भलतंच बोलले. "हिचे बूटमोजे काढा."

गिरधरला तेवढ्यातही अभिमान वाटला. "जल्मपासून तशेच शेतस, साहेब. मी पायाळू शे. तिले मन्हाच पाय लागेल शे."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पावलांचा एक्स-रे काढायला सांगितला, आणि तो पाहिल्यावर दोघा नवराबायकोला आत बोलावलं. पडद्यावर मयूरीची पाठ होती. जिथे नुसतं मांस असायला हवं, तिथे पांढऱ्या फांद्या फुटल्या होत्या, मणक्यापासून खांद्यापर्यंत.

"हे हाड आहे," डॉक्टर म्हणाले. "मांसात हाड तयार होतंय. कॅन्सर नाही. दहा-वीस लाखांत एखाद्याला होणारा आजार आहे आणि तो जन्मापासूनच असतो. त्याची खूण या अंगठ्यांतच होती. रक्त मुंबईला पाठवून खात्री करू, पण मला शंका उरलेली नाही. तुकडा काढू देऊ नका, दंडात सुई देऊ नका. शहाद्याला मी आत्ताच फोन करतो."

"बरी व्हई ना पण?" नूतनने विचारलं.

"बरं करणारं औषध नाही, ताई. वाढ हळू व्हावी म्हणून जपायचं. पडू द्यायचं नाही, दाबू द्यायचं नाही, चोळू द्यायचं नाही. जिथे मार किंवा दाब बसतो, तिथे हाड धरतं. आणि धरलेलं सुटत नाही."

गिरधरने पडद्याजवळ जाऊन बोट ठेवलं. आपण पाय कुठे ठेवत होतो हे त्याला कोणी सांगायला नको होतं. "साहेब, हाई मन्हा पायमुळे व्हयनं का?"

डॉक्टरांनी थाप मारली असती तर पुण्यच लागलं असतं, पण तो माणूस सरळ होता. "आजार तुमच्यामुळे नाही. पण दाबानं वाढला असणार."

पोर पडू नये म्हणून तिला आता ओसरीतल्या खाटेवरच ठेवत, आणि त्या दिवसापासून गिरधर त्या खाटेपासून लांब बसू लागला. येणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवी. आपल्याच पायांची त्याला किळस आली होती, आणि तसं तो नूतनला बोलूनही दाखवी.

एका सकाळी गावातला म्हातारा दगा काठी टेकत, कमरेत वाकून आला आणि न विचारताच अंगणात पालथा पडला. "गिरधर, उसण भरनी रे. ठेव जरासा पाय."

"मी बंद कयं, दगा आबा."

"अरे, पाय ठेवामा तुन्हं काय जास?"

खाटेवरून मयूरी म्हणाली, "ठेव ना, बापू. दगा आबाले दुखी ऱ्हायनं."

पोरीचा शब्द त्याला मोडवेना. गिरधरने पाय उचलला. दगाच्या कमरेवर तो टेकला, सरकला, पुन्हा टेकला. दगा कण्हला, मग उठून बसला, मग ताडकन उभाच राहिला.

"उतरनी! जादू शे भो तुन्हा पायमा, जादू!" असं म्हणत तो काठी न टेकता घरी गेला.

गिरधर खाली मान घालून उभा होता. मागे खाट करकरली. मयूरी उजव्या हाताने खाटेची कड धरून वळत होती. दात आवळून, जमेल तशी, ती पालथी झाली. मान वळत नव्हती, म्हणून तोंड गोधडीतच होतं.

"बापू, आते मन्हा नंबर."

"नही, बेटा."

"हळूच ठेव. मी रडाव नही."

गिरधरला हुंदका फुटला. गोधडीत तोंड खुपसलेल्या पोरीला सरळ करायलासुद्धा त्याचा हात पुढे होईना. त्याने नूतनला हाक मारली, आणि ती चुलीवरचं टाकून येईपर्यंत मयूरी तशीच वाट बघत पडून राहिली.