गारठल्यावरच गळते मी

मी एक स्कूटर बोलतेय. चाक मात्र मला एकही नाही. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि मधे चार-स्ट्रोक इंजिन. आमच्या या बर्फाच्या पठारावर मला सगळे स्कूटरच म्हणतात. काहीही म्हणा, फक्त ‘गळकी म्हातारी’ म्हणू नका. गेल्या हिवाळ्यात हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले, की शेवटी आपली बाजू आपणच मांडावी असं ठरवलं.

कारखान्यातला माझा जन्म मला धड आठवत नाही. जे आठवतं ते खरं, की नंतर कुणाकडून ऐकलेलं, याचीही खात्री देत नाही. खात्रीने आठवतो तो हेइका. रेनडियरचा कळप राखणारा, ठेंगणा, अबोल माणूस. त्याने मला पहिल्यांदा सुरू केलं आणि डोळे मिटून नुसता ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, “चालेल.” त्याच्या तोंडून एवढी स्तुती म्हणजे पुष्कळच झाली.

नऊ हिवाळे मी त्याला वाहून नेलं. मागच्या घसरगाडीत कधी तंबूचे वासे, कधी कळपाबरोबर चालू न शकणारं अशक्त पिल्लू. गोठून दगड झालेला पाव तो माझ्या इंजिनाशेजारी ठेवायचा आणि पुढच्या थांब्यावर मऊ झालेला काढून खायचा. त्याचा चुरा माझ्या कोपऱ्यांत अजून असेल.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचा सगळा खटला तिच्यावरच उभा आहे. इंजिनालाही श्वास सोडावा लागतो. आतली वाफ बाहेर जायला बोटभर जाडीची एक नळी असते. कडाक्याच्या थंडीत ती वाफ नळीतच गोठते आणि बूच बसतं. मग कोंडलेला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर रेटतो. हेइकाला हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं. त्याने रेनडियरच्या पायाच्या कातड्याची एक खोळ शिवली, त्याच जनावराची शीर वाळवून वळलेल्या दोऱ्याने, जवळजवळ टाके घालून, आणि त्या नळीला चढवली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नसावं.

हेइका गेला. दोन हिवाळे मी परसात पडून होते. अंगावर मासेमारीचं जाळं टाकलेलं, आणि बैठकीत एका उंदरीने संसार थाटलेला. मग हेइकाची बहीण राव्दना मला न्यायला आली. चौसष्ट वर्षांची बाई. तिने उंदरीला पिल्लांसकट टोपीत घेऊन गवताच्या गंजीत सोडलं आणि मला म्हणाली, “चल, आपण दोघींनी फुकट बसायचं वय नाही अजून.”

त्या शरद ऋतूत हेइकाचा मुलगा योव्ना मला साफ करायला आला. तिशी ओलांडलेला, प्रेमळ, नीटनेटका माणूस. आत्याला स्कूटर लखलखीत करून द्यायची म्हणून त्याने हौसेने इंजिन धुतलं. तेलकट, केसाळ, कुबट वासाचं काहीतरी नळीला गुंडाळलेलं दिसलं, तेव्हा नाक धरून सुरीने कापलं आणि कचऱ्यात टाकलं. बापाने शिवलेलं लेकाने फेकलं. मी काय करणार? बंद इंजिनाला आवाज नसतो.

जानेवारीत मी गळू लागले.

योव्नाने मला तोर्लेफच्या गॅरेजमध्ये नेलं. तोर्लेफ दक्षिणेकडून आलेला मेकॅनिक. शिकलेला, भिंतीवर प्रमाणपत्रं. गॅरेज उबदार, जमीन सिमेंटची. त्याने बोट फिरवून तेल हुंगलं, रंग बघितला, म्हणाला, “इंजिनाचंच आहे.” इथवर बरोबर. पट्ट्याच्या कप्पीमागे ओल दिसली, म्हणून तिथलं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं. आठवडाभराने मी पुन्हा गळले. त्याने दुसरं सील बदललं. मी पुन्हा गळले.

तिसऱ्या वेळी त्याने मला घासूनपुसून कोरडी केली. अंगभर बाळाची पावडर फासली, म्हणजे जिथून तेल पाझरेल तिथे ओघळ उमटेल. खाली पुठ्ठा घातला आणि तासभर इंजिन चालवलं. उबेत माझ्या नळीतलं बर्फ कधीच वितळून गेलं होतं. मी छान श्वास घेत होते. पावडर पांढरीच्या पांढरी, पुठ्ठा कोरडा.

“नाटकी आहे,” तोर्लेफ म्हणाला. “इथे आली की साळसूद.”

“डॉक्टरसमोर दुखणं पळतं तसं?” योव्नाने विचारलं.

“दुखणं नाही, म्हातारपण. आतला गाभाच झिजलाय. भंगारात द्या.”

खरं सांगू? त्या दिवशी मीही डळमळले. इतका शिकलेला माणूस, तीनदा तपासून सांगतोय. माझंच काही चुकत नसेल ना? नळी, खोळ, हेइका, हे सगळं मी माझं म्हातारपण झाकायला रचलेलं तर नाही? पावडर फासलेल्या अंगाने उभी राहून मी बराच वेळ हाच विचार करत होते.

योव्नाने भंगारवाल्याला शुक्रवारी ट्रक घेऊन यायला सांगितलं आणि आत्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. मी खिडकीखालीच होते.

“आत्या, यंदा कळपाबरोबर किनाऱ्याला तू येऊ नकोस. तुझी जनावरं मी नेतो.”

“आणि मी काय करू?”

“आराम कर. मोजे वीण.”

“तुझ्या पायांची संख्या वाढलीये का? गेल्या वर्षीचे सहा जोड पडलेत.”

“चेष्टा नको गं. भर गोठलेल्या तळ्यावर तेल संपून इंजिन बसलं तर? तिथून चालत येशील? बाबांना आम्ही पुरलंय, तुला शोधत फिरायची हिंमत नाही माझ्यात.”

तो जे म्हणत होता ते खोटं नव्हतं. कॉफीत सुक्या मांसाचा तुकडा बुडवून तिने सावकाश चावला. मग म्हणाली, “ट्रक शुक्रवारी ना? आज बुधवार आहे.”

सकाळचे नऊ वाजले होते. उणे बत्तीस. तिने तेल खुणेपर्यंत भरलं, थर्मास घेतला, मागे स्की बांधल्या आणि मला घेऊन निघाली. मी जीव तोडून धावले. दुसरं तळं ओलांडल्यावर तिने मला थांबवलं, उतरली आणि मागे वळून बघितलं. पांढऱ्याशुभ्र बर्फावर माझी वाट, आणि वाटेवर तपकिरी थेंब.

मग तिने जे केलं ते सिमेंटवर करता येत नाही. ती स्की चढवून माझ्याच मागावर उलटी गेली, हरवलेल्या जनावराचा माग काढतात तशी. वाकून, थेंब बघत, मधूनच हातमोज्याने बर्फ बाजूला सारत. तासाने परतली तेव्हा पापण्यांवर हिम साचलं होतं. स्वतःशीच पुटपुटत होती, “पहिल्या तळ्याच्या अलीकडे, घराच्या बाजूला, एक थेंब नाही. तळ्यावर, जिथे थंडी साचते, तिथे दाट. चढावर, जिथे हिचा दम निघतो, तिथे विरळ. उतरून पुन्हा तळ्यावर दाट.” ती माझ्यासमोर उभी राहिली. “फाटकी असतीस तर चढावर जास्त गळली असतीस. दमल्यावर गळत नाहीस तू. गारठल्यावर गळतेस.”

मी रडू शकले असते तर रडले असते. अर्थात तेही त्यांनी गळतीतच धरलं असतं.

तिने मला जागेवरच थोडा वेळ चालवून बंद केलं आणि तेल मोजायची पट्टी हळूहळू फिरवून सैल केली. फुस्स! आतला दाब सुटला.

“अगं बाई! तुझा श्वास कोंडलाय!”

मग ती नळी चाचपू लागली. हाडासारखी टणक. तिने थर्मास उघडला, एकवार हुंगला, “माझी सगळी कॉफी” असं कळवळून म्हणाली आणि नळीवर ओतली. खोकल्यासारखा आवाज करत बर्फाचा बोटभर तुकडा बाहेर पडला. नळी पुसताना तिला नळी धरून ठेवणाऱ्या क्लिपमध्ये अडकलेलं काही दिसलं. चार राखाडी केस आणि दोऱ्याचा तुकडा, दोन टाके अजून शाबूत. तिने हातमोजा काढून त्यावर बोट फिरवलं. “हेइका,” म्हणाली. एवढे जवळ टाके आमच्या भागात दुसरं कोणी घालत नसे.

घरी जाईपर्यंत वाटेत दोनदा थांबून तिने माझी नळी दोन्ही हातांच्या उबेत धरली.

गुरुवारी तिने मला तोर्लेफच्या दारात उभं केलं, आत नेलं नाही.

“राव्दनाबाई, आत घ्या की. बाहेर मरणाची थंडी आहे.”

“तूच बाहेर ये. आजाऱ्याला शेकोटीपाशी बसवून विचारतोस, थंडी वाजते का म्हणून!”

बाहेर येऊन त्याने पट्टी सैल केली, फुस्स ऐकलं, नळी दाबून बघितली. कानापर्यंत लाल झाला. “हे मला सुचायला हवं होतं,” म्हणाला. तेवढ्यासाठी मी त्याला माफ केलंय. पावडरीसाठी नाही.

योव्नाच्या हातावर तिने ते दोन टाके ठेवले. त्याने ते बोटाने चाचपले.

“ते घाणेरडं फडकं... ते बाबांनी...”

“हो.”

“मी नाक धरून फेकलं आत्या.”

“वास येतच होता रे. तुझ्या बापालाही यायचा.” आणि तिने त्याच्यापुढे रेनडियरच्या पायाचं कातडं आणि सुई सरकवली. “शिव. टाके जवळजवळ घाल. मी बघतेय.”

शुक्रवारी ट्रक आला. रिकामा परत गेला नाही. योव्नाने त्यात स्वतःचा बंद पडलेला फ्रीज चढवला.

तीन आठवड्यांनी कळप किनाऱ्याकडे निघाला. सगळ्यांत पुढे राव्दना, तिच्याखाली मी, आणि माझ्या नळीवर योव्नाची खोळ. टाके वाकडेतिकडे, पण घट्ट.

आज मी पुन्हा हिवाळ्याच्या तोंडाशी उभी आहे. म्हातारी आहे, ते नाकारत नाही. स्कीला गंज आहे, बैठक उसवली आहे. कधीतरी तो ट्रक माझ्यासाठीही येईल, आणि मी जाईन. पण माझं काय बिघडलंय हे उबेत उभं राहून ठरवू नका. माझ्याबरोबर तळ्यावर चला, तिथे विचारा. मी खोटं सांगणार नाही. हवं तर बर्फावर थेंब पाडून उत्तर देईन.

काल योव्ना त्याची नवीकोरी स्कूटर घेऊन आला. टोपी हातात, नजर जमिनीला.

“आत्या, हिच्याखालच्या पुठ्ठ्यावर सकाळी थेंब दिसला.”

राव्दनाने खिडकीतूनच विचारलं, “किती वर्षांची आहे?”

“दोन महिन्यांची.”

“अरेरे,” ती म्हणाली, “म्हातारपण हो, म्हातारपण!” आणि सुई शोधायला आत गेली.